छर्रा घुसतो की आदळतो?

जानेवारीत भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो मिसूरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या जवळ राहतो. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर त्याला एप्रिलमध्ये टर्कीच्या शिकारीला जायचं आहे. म्हणाला, "मामू, दोन गोष्टी विचारायच्यात. बंदूक कुठली घेऊ? आणि छर्र्याने मेलेला पक्षी खाता येतो का?"

पहिला प्रश्न त्याने मला का विचारावा हे कळेना. मी जन्मात कधी बंदूक चालवलेली नाही. दुसरा प्रश्न मुफ्तीसाहेबांचा. तसं सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही जुनं काय काय वाचत असता. दोन्हींचं वाचून सांगा." मग वाचायला बसलो. पंधरा दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. बंदुकीचा प्रश्न आणि हलालचा प्रश्न दोन वेगवेगळ्या दुकानांतले वाटत होते, पण बऱ्याच अंशी तो एकच प्रश्न निघाला.

आधी पक्ष्याबद्दल सांगतो, कारण त्याची कहाणी आपल्या गोव्यापर्यंत येते.

टर्की हा अस्सल अमेरिकेचा पक्षी. मेक्सिकोतल्या लोकांनी तो कोलंबसच्या कितीतरी शतकं आधी माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि तिथे नावाचा घोळ सुरू झाला. इंग्रजांकडे आफ्रिकेतली गिनी कोंबडी तुर्की व्यापाऱ्यांमार्फत यायची. नवा पक्षीही त्याच खात्यात जमा झाला आणि त्याचं नाव पडलं टर्की. तुर्क मात्र त्याला 'हिंदी' म्हणतात! फ्रेंच नावाचाही अर्थ 'हिंदचा' असाच आहे. डचांनी तर थेट कालिकतचं नाव जोडून 'काल्कून' केलं. इजिप्तमध्ये तो 'दीक रूमी', म्हणजे रूमचा कोंबडा. पोर्तुगीजांनी त्याला 'पेरू' म्हटलं. आपल्याकडे पेरू म्हटलं की लोक मीठ-मसाला शोधतात. थोडक्यात, ज्याने त्याने हा पक्षी दुसऱ्याच्या गावचा ठरवला. आपल्या देशात आपल्यालाही बाहेरचे ठरवणारे आहेत, त्यामुळे मला या पक्ष्याबद्दल जरा आपुलकीच वाटली.

हा पक्षी हिंदुस्थानात आल्याची पक्की नोंद जहांगीर बादशहाने स्वतः लिहून ठेवली आहे. मुकर्रब खान हा त्याचा खंबायत आणि सुरतेच्या बंदरांचा कारभार पाहणारा अधिकारी. बादशहाने त्याला गोव्याला जाऊन पोर्तुगीजांकडून दुर्मीळ चिजा आणायला सांगितलं. १६१२ मध्ये तो परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर जे चमत्कारिक प्राणी-पक्षी होते त्यांत एक टर्कीचा नरही होता. जहांगीरने त्याचं बारकाईने निरीक्षण केलं. मोरापेक्षा लहान आणि लांडोरीपेक्षा मोठा. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचणारा. त्याचं डोकं आणि गळा कधी पोवळ्यासारखा लाल, थोड्या वेळाने कापसासारखा पांढरा, तर कधी फिरोज्यासारखा निळसर होतो, हे त्याने टिपून ठेवलं. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढवून घेतली नाहीत, असंही तो नमूद करतो. मग त्याने उस्ताद मन्सूरला चित्र काढायला लावलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याची लोंबती कातडी आणि तिच्यावरच्या सुरकुत्या इतक्या हुबेहूब आहेत की तो पक्षी आता ओरडेल असं वाटतं.

हाच जहांगीर जबरदस्त शिकारी होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरं आणि पक्षी मारले गेले, त्यांतले १७,१६७ आपण स्वतः मारले, असा हिशेबच त्याने लिहून ठेवला आहे. पुढे बंदुकीची शिकार सोडण्याचा नवसही त्याने केला.

जहांगीरने टिपलेले ते रंग भाच्याला फार उपयोगी पडणार आहेत. अमेरिकेत शिकारीचा परवाना काढण्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात टर्कीच्या शिकाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगतात: अंगावर लाल, पांढरा किंवा निळा कपडा घालायचा नाही, त्या रंगाचा रुमालही खिशातून डोकावता कामा नये. कारण माजावर आलेल्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. शिकारी झाडाला पाठ लावून, हिरव्या-तपकिरी कपड्यांत लपून, मादीचा आवाज काढत बसतो. तो आवाज ऐकून दुसरा शिकारीही तिकडे येऊ शकतो, आणि झुडपामागे लाल-पांढरं काही हललं की बार काढू शकतो. म्हणून झाडही आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं निवडायचं. चारशे वर्षांपूर्वी आग्र्याच्या दरबारात जे कौतुकाने लिहिलं गेलं, ते मिसूरीच्या जंगलात जीव वाचवायची गोष्ट झालं.

मिसूरीतही हा पक्षी जवळजवळ संपला होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारासाठी मारणारे धंदेवाईक शिकारी होते. त्यांना ना हंगाम होता ना मर्यादा. त्यात जंगलं तुटली. १९२० च्या सुमारास टर्की मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून नाहीसा झाला होता. मिसूरीने १९३७ मध्ये शिकार बंद केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी द्यायचा, असा तो कायदा. आज लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे.

पैसा आला, पण पक्षी परत आणणं सोपं नव्हतं. पिंजऱ्यात वाढवलेले टर्की जंगलात सोडले, ते जगले नाहीत. त्यांना कोल्ह्याची भीती शिकवायला आईच नव्हती. शेवटी रानातलेच पक्षी धरून दुसऱ्या रानात सोडायचे ठरलं, पण रानातला टर्की हाती लागेल तर शपथ! १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेसारख्या नळ्यांतून जाळं उडवून दाणे टिपणाऱ्या टर्कींवर टाकायची युक्ती यशस्वी झाली आणि चित्र पालटलं. मिसूरीने पेक रँच नावाच्या रानातून पक्षी धरून ठिकठिकाणी सोडले. १९६० मध्ये तिथे पुन्हा तीन दिवसांचा हंगाम उघडला. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत टर्की आहे. जो बंदूक विकत घेतो तोच पक्ष्याच्या परतीचा खर्च उचलतो, हा प्रकार मला आधी विचित्र वाटला. अजूनही थोडा वाटतो.

वसंतातल्या हंगामात मिसूरीत फक्त 'दाढीवाले' टर्की मारायची परवानगी असते. नराच्या छातीवर घोड्याच्या केसांसारखा काळा झुपका लोंबतो, त्याला तिकडे दाढी म्हणतात. माद्या वाचाव्यात म्हणून हा नियम. दाढी बघूनच नेम धरायचा, हे भाच्याने सांगितलं तेव्हा घरात सगळे हसले. मग थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

आता बंदूक.

आपल्याकडे शिकारीची बंदूक म्हटलं की बारा बोअर. हे 'बारा' कुठून आलं? एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून नळीही लहान: ती वीस बोअर. आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर, वीसची साडेपंधराच्या थोडी वर. तिकडे आणखी एक बारकी, ४१० नावाची असते. तो आकडा मात्र गोळ्यांचा नाही, नळीच्या मापाचाच आहे, इंचाच्या हजाराव्या भागांत.

उडत्या पाखरावर मारायचं तर छर्रे पसरायला हवेत, म्हणजे नेम थोडा चुकला तरी काही लागतात. टर्कीचं उलट आहे. मोठा नर आठ-दहा किलोचा. छातीवर पिसांचा आणि मांसाचा जाड थर. अंगावर मारलं तर छर्रे मांसात अडकतात आणि पक्षी झाडीत पळून जातो, कुठेतरी तडफडून मरतो. म्हणून तो जमिनीवर उभा असताना डोकं आणि मान, एवढ्याच जागी मारायचं. ती जागा केवढी? आपल्या मनगटापासून बोटांपर्यंतचा हात उभा धरला तर होईल तेवढी, तीही सतत हलणारी. तीस-चाळीस यार्डांवरून तिथे छर्र्यांचा घट्ट पुंजका पोचला पाहिजे.

हा पुंजका घट्ट कसा होतो? नळीचं तोंड शेवटच्या काही इंचांत किंचित आवळलेलं असतं. त्याला चोक म्हणतात. पूर्ण आवळलेल्या नळीतही हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, पण त्याने सगळं बदलतं. १८६६ मध्ये न्यूकासलच्या डब्ल्यू. आर. पेप या बंदूकवाल्याने याचं पेटंट घेतलं. पुढच्या दशकात बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने ते जगभर पोचवलं. अमेरिकेत इलिनॉयचा बदकांचा शिकारी फ्रेड किंबल हाही या शोधाचा एक दावेदार. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात ७० टक्के छर्रे पडले, तर तो 'फुल' चोक. टर्कीवाले त्याहून घट्ट चोक लावतात. आता तो तोटीसारखा आट्यांचा मिळतो, काढता-घालता येतो.

भाच्याच्या मित्राचं मत होतं, बारा बोअरच घे, त्यातही साडेतीन इंची काडतूस चालणारी. हे लांब काडतूस १९८८ मध्ये मॉसबर्ग आणि फेडरल या कंपन्यांनी आणलं. छर्रे जास्त मावतात हे खरं. पण माझा भाचा अंगाने किडकिडीत. त्या काडतुसाचा खांद्याला बसणारा दणका मोठ्या रायफलच्या तोडीचा असतो. दोन-तीन बार काढले की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. डोळे मिटून कसला नेम? वाचलेलं सगळं जमेला धरून मी त्याला सांगितलं, वीस बोअर घे, तीन इंची काडतुसाची. बंदूक हलकी असते, काट्याकुट्यांतून खांद्यावर मिरवायलाही बरी. हाताने मागे-पुढे सरकवायची पंप बंदूक स्वस्तात मिळते. १९५० पासूनची रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यांच्या जुन्या नळ्या अजून बापाकडून मुलाकडे जातात. आपोआप काडतूस भरणारी महाग, पण दणका आणखी कमी. नळीच्या टोकावर साधी माशी असते, तिच्यावर एवढा घट्ट पुंजका नेमका बसवणं कठीण. गाल दस्त्याला नीट टेकला नाही तर बार वरून जातो. म्हणून बरेच जण लाल ठिपक्याची दुर्बीण बसवतात.

वीस बोअर पुरते असं आज म्हणता येतं, ते छर्र्यामुळे. शिशाच्या छर्र्यात चार, पाच, सहा नंबर वापरतात. इथेही आकडा वाढला की छर्रा लहान. मिसूरीत टर्कीसाठी चार नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही. पाच नंबरचा शिशाचा छर्रा तीन मिलिमीटरचा, आणि एका औंसात असे साधारण १७० बसतात. अलीकडे टंगस्टनचे छर्रे आलेत. शिशाची घनता सव्वाअकराच्या आसपास, यांची अठरा. त्यामुळे फक्त दोन मिलिमीटरचा नऊ नंबरचा टंगस्टन छर्रा पाच नंबरच्या शिशाइतका खोल जातो, आणि एका औंसात साडेतीनशेच्या वर मावतात. नळी लहान झाली तरी चालते ती यामुळे. एका काडतुसाला सहज दहा डॉलर मोजावे लागतात, हा भाग वेगळा.

पण कुठलीही बंदूक घेतली तरी एक काम कोणी टाळू नये. ४० यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार काढायचा, जिथे भोकं दाट असतील तिथे १० इंचांचं वर्तुळ काढायचं आणि मोजायचं. शंभर भोकं भरली तर ठीक. नाही भरली तर चोक बदल, काडतूस बदल, नाहीतर पक्षी जवळ येईपर्यंत थांब. एका बंदुकीत उत्तम चालणारं काडतूस तशाच दुसऱ्या बंदुकीत फिसकटतं. त्यासाठी दुकानदाराचा शब्द पुरत नाही.

हे वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. काडतुसं तपासणारे लोक पारदर्शक जेलीचे ठोकळे करतात, त्यांत छर्रे मारतात आणि मोजतात: किती खोल घुसला? छर्रा नुसता आदळून उपयोग नाही, घुसला पाहिजे. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं, पण जेलीच्या संदर्भात नाही.

हातिम ताईचे चिरंजीव अदी बिन हातिम (रजि.) शिकारी होते. त्यांनी पैगंबर (स.) यांना मिअराजबद्दल विचारलं. मेराजची रात्र नव्हे. हा मिअराद, उच्चारात आपण घोटाळा करतो. मिअराद म्हणजे पिसं नसलेला जड बाण किंवा काठी. उत्तराचा मतलब असा: धारेने लागून त्याने जखम केली तर खा, आडवा आदळून जनावर मेलं तर खाऊ नका, ते आदळून मेलेलं आहे. सूरह माइदामध्ये निषिद्ध ठरवलेल्यांत असं आदळून, मार लागून मेलेलं जनावर येतंच. हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. म्हणजे सवाल जुनाच: घुसलं की आदळलं?

बुखारीत त्याच प्रकरणात अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचं मत आहे: बुंदुकाने मेलेलं जनावर आदळून मेलेलंच समजायचं. आता हा 'बुंदुका' काय? तेव्हा बंदूक नव्हतीच. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, एक गोल कवचाचं फळ. त्या आकाराची मातीची वाळवलेली गोळी, तिलाही तेच नाव. ती खास धनुष्यातून मारायची. आपली गलोल त्याच जातीची. आज झाडाच्या बेचक्याला रबर लावतात ती नव्हे, जुन्या मराठीतली गलोल म्हणजे गोळ्या मारायचं धनुष्यच. बगदादचा खलिफा नासिर, ज्याने ११८० ते १२२५ राज्य केलं, त्याला या गोळीबाजीचा एवढा शौक की त्याने ती आपल्या 'फुतुव्वा' या शौर्यसंघाच्या रिवाजात आणली. सुलतानाचं गोळ्यांचं धनुष्य वाहणारा अधिकारी तो बुंदुकदार. मंगोलांना ऐन जालूतला रोखणारा बैबर्स हा अशाच एका बुंदुकदाराचा गुलाम होता, म्हणून त्याचं नाव बैबर्स अल-बुंदुकदारी.

पुढे दारूची हत्यारं आली आणि मातीच्या गोळीचं नाव शिशाच्या गोळीला मिळालं. गोळीवरून हत्याराला मिळालं. आपण मराठीत रोज 'बंदूक' म्हणतो ती ही. माझ्या समजुतीने इथेच गुंता झाला. नाव जुनं राहिलं, वस्तू नवी आली, आणि नावाच्या पाठोपाठ हुकूमही आला.

उलेमांनी मात्र डोळे झाकून तो लावला नाही, वाद घातला. एकाच पिढीतल्या दोन मोठ्या आलिमांनी दोन टोकांची मतं दिली. सनआचे इमाम शौकानी १८३४ मध्ये वारले, दमास्कसचे इब्न आबिदीन १८३६ मध्ये. शौकानी म्हणाले, शिशाची गोळी अंगात घुसते, आरपार जाते, म्हणून बिस्मिल्लाह म्हणून मारलं तर हलाल. हनफींचे इब्न आबिदीन म्हणाले, शिशाला धार नाही. ते जोराने ढकललं जाऊन जाळतं आणि वजनाने मारतं, म्हणून नाही. उत्तर आफ्रिकेतल्या नंतरच्या मालिकींनी परवानगीकडे कौल दिला. हिंदुस्थानातले हनफी बहुतेक इब्न आबिदीन यांच्या बाजूचे. आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडेही छर्र्याने मेलेलं चालत नाही, जिवंत हाती लागलं तर जबह करून खायचं.

दोघांसमोर कुठली बंदूक होती? गुळगुळीत नळीची, काळ्या दारूची. चोकचं पेटंट त्यांच्यामागून तीस वर्षांनी निघालं. मातीच्या गोळीची घनता दोनच्या आसपास, टंगस्टनची अठरा. मला विचाराल तर आजच्या छर्र्याबाबत शौकानींची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. जेलीचा ठोकळा त्यांच्या बाजूने साक्ष देतो. पण दुसरी बाजूही लेचीपेची नाही. दोन मिलिमीटरचा गोल दाणा कितीही खोल गेला तरी त्याला धार येत नाही. शिवाय पन्नास छर्र्यांतला कुठला मानेत घुसला आणि कुठला हाडावर आदळून मेंदूला धक्का देऊन गेला, कोण सांगणार? अदी बिन हातिम यांनाच असंही सांगितलं होतं की बाण लागलेलं जनावर पाण्यात सापडलं तर खाऊ नका, कारण बाणाने मेलं की पाण्याने हे तुम्हाला ठाऊक नाही. शंका असेल तिथे हात आवरायचा. मी मुफ्ती नाही. माझं मत भाच्याला सांगितलं आणि हे मत आहे, फतवा नाही, हेही सांगितलं.

यावर त्याने एक शक्कल काढली. "मग हलकं काडतूस वापरतो, मामू. पडेल पण मरणार नाही. जाऊन जबह करीन." मला राग आला. टर्की हलक्या बाराने पडत नाही, जखमी होऊन पळतो. ज्या दीनने जबह करण्याआधी सुरीला धार लावा, जनावराला यातना देऊ नका असं बजावलं, त्याच्या नावाने पक्षी मुद्दाम अर्धमेला करायचा? त्यापेक्षा जाऊ नकोस. चांगली बंदूक घे, घट्ट चोक लाव, आणि जीव असेल तर जबह कर, नसेल तर तुझ्या मसलकप्रमाणे सोडून दे. पक्षी हातचा गेला तर गेला.

डोक्यात छर्रे लागलेला टर्की पडल्यावरही बराच वेळ पंख आपटतो. तेवढा जीव पुरतो का? इमाम अबू हनीफांच्या मते जबहच्या वेळी थोडीही धुगधुगी असली तरी चालते. शाफईंना 'हयाते मुस्तकिर्रा', म्हणजे स्थिर जीव लागतो. नुसती तडफड पुरत नाही. म्हणजे आमचा भाचा दोन्हींतल्या अवघड बाजूला.

आजोबांच्या वेळी हे कसं चालायचं ते अब्बा सांगत. रत्नागिरीकडे गावात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असे. १९७२ चा कायदा यायच्या आधी तिने ससा, रानकोंबडा, कवडे मारत. आजोबा बार काढत आणि अब्बा, तेव्हा दहा-बारा वर्षांचे, उघडी सुरी घेऊन धावत. तेच त्यांचं काम. पाय लवकर पोचले तर घरी सालन, उशीर झाला तर कुत्र्यांना. हे ऐकून भाचा खूश झाला, तसंच करतो म्हणाला. पण एक फरक त्याच्या ध्यानात नव्हता. एका नळीची ठासणीची बंदूक एकदा उडाली की काठी. पुन्हा दारू, चिंधी, छर्रे ठासायला दोन-चार मिनिटं हवीत. त्यामुळे तिच्यापुढून पोर धावलं तरी भीती नसे. याच्या पंपात आणखी दोन काडतुसं भरलेली. ती हातात घेऊन ओल्या पानांवरून धावणं म्हणजे स्वतःचाच पाय उडवून घेणं. आधी बंदूक रिकामी कर, झाडाला टेकव, मग धाव. चाळीस यार्ड म्हणजे दहा-बारा सेकंद. तीस यार्डांच्या आत आल्याशिवाय मारलंच नाहीस तर आणखी कमी.

त्याने वीस बोअर घेतली. फेब्रुवारीत कागदाचे फोटो पाठवले. शिशाच्या काडतुसाने वर्तुळात शंभर भरले नाहीत. टंगस्टनने भरले आणि वर उरले. सेंट लुईसमध्ये बोस्नियाहून आलेले मुसलमान खूप आहेत, हनफी. तिथल्या मशिदीतल्या एका म्हाताऱ्या बोस्नियन शिकाऱ्याला त्याने हाच प्रश्न विचारला. त्यांनी वाद घातला नाही, फक्त सुरी डाव्या कमरेला बांध म्हणाले, उजव्या हाताने काढायला सोपी.

हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो. परवा त्याने विचारलं, नानांची ती सुरी घरात आहे का अजून, पाठवता येईल का. आहे. पातं झिजून अर्धं राहिलंय. मी सांगितलं, तिकडेच घे, आणि जायच्या आदल्या रात्री धार लाव.